पेशीच्या घराची फेरणी

रोहिणी सरत आल्या आणि मृग आठवड्यावर आला, की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात छपरांवर माणसं दिसायला लागतात. स्लॅबची घरं बरीच झाली, टिनाची त्याहून जास्त, पण जुन्या वस्तीत अजून कवेलूची, म्हणजे कौलांची, घरं आहेत आणि कवेलूचं घर म्हटलं की दरवर्षी फेरणी, म्हणजे कवेलू पारखून पुन्हा बसवणं, आलीच. वर्षभर वानरं छपरावर उड्या मारतात, उन्हाळ्यात वावधान येतं, खालच्या बांबूच्या कमच्यांना वाळवी लागते. फेरणारा माणूस उकिडवा बसून ओळीओळीने पुढे सरकतो. एकेक कवेलू उचलतो, बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारतो. खणखण वाजलं तर परत जागेवर. भद्द वाजलं तर आत तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो, ते खाली. अंगणात आबाजी उभे असतात आणि दिवसभर ओरडत असतात, "अरे तिकडचं पाह्य, तिकडं गळते!" संध्याकाळी छप्पर दिसायला तेच असतं, पण त्यातली शे-दीडशे कवेलू बदललेली असतात. घर कुणी पाडलेलं नसतं. त्या दिवशी घरात चूलही पेटलेली असते.

मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. पेशीचा धडा आला की भिंतीवर तक्ता टांगायचा, मधोमध केंद्रक, त्याला लगटून घड्यांसारखी काढलेली आंतर्द्रव्यजालिका, बाजूला गॉल्गी संकुल, तंतुकणिका, लयकारिका. कित्येक वर्षं मी हे असंच शिकवलं, जणू ही जालिका पेशीच्या जन्मासोबत आली आणि मरेपर्यंत जागेवर राहिली. तक्त्यात ती हलत नाही, म्हणून आमच्या डोक्यातही हलत नाही. प्रत्यक्षात जिवंत पेशीत ही जाळी सतत वाढते, ताणली जाते, फाटते, जुळते, आणि तिचे नको झालेले तुकडे पेशी निवडून काढून खाऊन टाकते. पेशी बांधते कशी हे शाळेत येतं, उतरवते कशी याच्यावर फारसं काही नसतं. हा लेख त्या उतरवण्याबद्दल आहे.

आधी जालिका म्हणजे काय, ते जरा नीट पाहू. नाव लांबलचक आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून शास्त्रज्ञ तिला ईआर म्हणतात, आपण नुसतं जालिका म्हणू. पातळ मेदाच्या पटलाची बनलेली पोकळ पत्रे आणि नळ्या यांचं हे जाळं आहे. केंद्रकाजवळ चपटी पत्रे जास्त, पेशीच्या काठाकडे जाऊ लागलं की बारीक नळ्या जास्त. आणि सगळी पोकळी एकमेकांना जोडलेली, म्हणजे एका टोकाला आत शिरलेलं प्रथिन बाहेर न पडता दुसऱ्या टोकाला पोचू शकतं. प्राण्यांच्या पेशीत जितकं म्हणून पटल आहे, त्यातलं साधारण अर्धं किंवा त्याहून जास्त एकट्या जालिकेचं असतं. तक्त्यावर कोपऱ्यात बसवलेली ही गोष्ट खरं तर घरभर पसरलेली आहे.

तिची कामं बरीच. जिच्यावर रायबोझोमचे दाणे चिकटलेले असतात ती खडबडीत जालिका. तिथे प्रथिनं तयार होतात आणि आत शिरून घडीला बसतात. पेशीतल्या सुमारे एक तृतीयांश प्रथिनांचा रस्ता इथून जातो. इन्सुलिन इथून, आपल्या हाडा-कातड्यातलं कॉलेजन इथून, रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांची घडीही इथेच बसते. दाणे नसलेली ती गुळगुळीत जालिका. मेद बनवणं, यकृतात औषधं आणि विषारी द्रव्यं निष्प्रभ करणं ही तिची कामं. शिवाय पेशीच्या कॅल्शियमचा मोठा साठाही जालिकेतच असतो.

एवढं काम जिथे चालतं तिथे बिघाड होणारच. प्रथिनाची घडी चुकते. चुकलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. कधी पेशीला एकदम जास्त जालिका लागते आणि काम सरल्यावर ती उरते. कधी अन्नच मिळत नाही आणि घरातलं काहीतरी मोडून खाण्याची वेळ येते.

एकेकटं बिघडलेलं प्रथिन काढायची सोय पेशीत वेगळी आहे. ते जालिकेच्या पटलातून ओढून बाहेर काढतात, त्याला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लावतात आणि प्रोटिअसोम नावाच्या यंत्रात घालून त्याचे तुकडे करतात. धान्यातला खडा वेचावा तसं हे काम. पण खडा दारातून बाहेर जाण्याइतका लहान असला तरच. कॉलेजनचंच घ्या. त्याचा कच्चा रेणू म्हणजे सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीची ताठ काडी. तसल्या काड्यांचा बिघडलेला भारा त्या अरुंद दारातून निघत नाही. मग पेशी काय करते, तर ज्या खोलीत तो भारा अडकला आहे, ती खोलीच भिंतींसकट कापून काढते आणि पचवते. जालिकेचा तुकडा असा निवडून खाण्याला ईआर-फॅजी म्हणतात. 'फॅजी' हा ग्रीक शब्द, अर्थ खाणं. मराठीत जालिकाभक्षण म्हणता येईल, पण वर्गात तो शब्द म्हटला की पोरं हसतात, म्हणून मी ईआर-फॅजीच म्हणतो.

खाणार कोण? लयकारिका. शाळेत हिला 'आत्मघाती पिशवी' म्हणून शिकवतात, आणि ते नाव मला कधीच आवडलं नाही. पोरांना वाटतं ही पिशवी म्हणजे पेशीने कमरेला बांधलेला बॉम्ब. रोजचं काम पाहिलं तर ती आपल्या गावातल्या उकिरड्याच्या खताच्या खड्ड्यासारखी जास्त आहे. आत आम्ल असतं, त्या आम्लातच चालणारी विकरं म्हणजे एन्झाइम असतात, आणि जे पडेल त्याचं पुन्हा वापरता येईल असं साहित्य होतं. प्रथिनांची अमिनो आम्लं होतात, मेदाची मेदाम्लं होतात, आणि ती परत पेशीद्रव्यात येऊन नव्या बांधकामाला लागतात. कवेलूची उपमा इथे तोकडी पडते. फुटक्या कवेलूच्या खापऱ्या अंगणातल्या चिखलात टाकतात नाहीतर पोरं लगोरीला नेतात, भाजलेल्या मातीची परत ओली माती होत नाही. पेशीला ते जमतं.

हे सगळं माहीत कसं झालं, त्याची गोष्ट सरळ रेषेत गेलेली नाही. जालिका पहिल्यांदा दिसली १९४५ मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कीथ पोर्टर, आल्बेर क्लोद आणि अर्नेस्ट फुलम यांनी कोंबडीच्या गर्भातल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि आत नाजूक झालरीसारखं जाळं दिसलं. पुढे बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द दुव यांनी १९५५ च्या सुमारास लयकारिका शोधली, आणि पेशी स्वतःचाच भाग पिशवीत घालून पचवते या क्रियेला १९६३ मध्ये 'ऑटोफॅजी' म्हणजे स्वभक्षण हे नाव दिलं. क्लोद आणि द दुव यांना जॉर्ज पॅलाडे यांच्यासोबत १९७४ चं नोबेल मिळालं. पण नाव देऊन झालं तरी ही क्रिया चालवणारी जनुकं कोणती ते कुणालाच माहीत नव्हतं. ते काम जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी केलं, आणि तेही किण्वावर, म्हणजे ज्याने पाव फुगतो त्या यीस्टवर. किण्वाच्या पेशीत पचनाचं काम लयकारिकेच्या जागी असलेली मोठी रिक्तिका करते. ओसुमींनी तिच्यातली पचनाची विकरं बंद पाडली आणि किण्वाला उपाशी ठेवलं. पचन थांबल्यामुळे आत आलेल्या पिशव्या तशाच साचल्या आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसू लागल्या. मग ज्या किण्वात पिशव्या साचत नाहीत, त्यात कुठलं जनुक मोडलं आहे ते शोधत गेले. २०१६ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

मला स्वतःला यातला सगळ्यात आवडता प्रयोग मात्र नोबेलवाला नाही. तो १९७३ मधला, बोलेंडर आणि वायबेल यांचा, उंदरांच्या यकृतावरचा. फिनोबार्बिटाल हे फिट येण्याच्या आजारावरचं जुनं औषध आहे. ते दिलं की यकृताच्या पेशी ते निस्तरण्यासाठी गुळगुळीत जालिका भराभर वाढवतात. ही वाढ आधीच माहीत होती. या दोघांनी विचारलं, औषध बंद केल्यावर ती वाढलेली जालिका जाते कुठे? त्यांनी सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांवर मोजमाप करून पाहिलं. औषध थांबल्यावर पाचेक दिवसांत जालिका पूर्वीइतकी झाली होती, आणि त्याच दिवसांत पेशींमध्ये स्वभक्षणाच्या पिशव्यांची गर्दी झालेली होती.

आमच्याकडे लग्नात दारात मांडव पडतो. बांबू येतात, जांभळीचे डहाळे येतात, दोन दिवस अंगण ओळखू येत नाही. लग्न झालं, पाहुणे गेले, की मांडव उतरवायचा, बांबू गोठ्यावर ठेवायचे, डहाळे बकऱ्यांपुढे टाकायचे. कुणी म्हणत नाही की मांडव खराब झाला होता म्हणून काढला. यकृतातली ती जास्तीची जालिकाही खराब नव्हती. तिचं काम सरलं होतं. ईआर-फॅजी म्हणजे फक्त कचरा उचलणं असं समजणाऱ्यांची इथे गफलत होते. दारूनेही यकृतात गुळगुळीत जालिका अशीच वाढते. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा हे उदाहरण मी वर्गात देत नाही, पण जिल्ह्यातल्या बऱ्याच यकृतांना ते पाठ असावं.

ईआर-फॅजी हे नाव आलं २००६ मध्ये, पीटर वॉल्टर यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतून. त्यांनी किण्वात प्रथिनांच्या घड्या मुद्दाम बिघडवल्या. आधी जालिका फुगली, आणि मग पिशव्यांमध्ये जालिकेच्या चवडीच्या चवडी भरलेल्या दिसल्या, पिशवीत दुसरं काही जवळपास नाहीच. म्हणजे पेशी हाताला येईल ते उचलत नव्हती. निवडत होती. पण कशाच्या आधारावर?

या प्रश्नाचं उत्तर २०१५ मध्ये मिळालं, आणि ते एका आजारातून आलं.

त्या आजाराकडे जाण्याआधी आपल्या भागातली एक ओळखीची गोष्ट सांगतो. पाय बधिर होणं म्हणजे काय, हे विदर्भात कुणाला समजवावं लागत नाही. वर्ध्याजवळचं दत्तपूर आणि वरोऱ्याजवळचं आनंदवन ही गावंच त्यातून उभी राहिली. कुष्ठरोगाचा जंतू चेतातंतू बिघडवतो, पायाची जाणीव जाते, काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, आणि न कळलेली जखम चिघळत हाडापर्यंत जाते. मधुमेहातही हेच होऊ शकतं. जंतूमुळे नाही, साखरेमुळे. आता असाच बधिरपणा जन्मतः घेऊन येणारी काही मोजकी कुटुंबं जगात आहेत. ना जंतू, ना साखर. लहानपणापासूनच हातापायांना दुखणं, गरम, थंड कळेनासं होतं, जखमा होतात, कधी बोटं काढावी लागतात. २००९ मध्ये अशा काही कुटुंबांत एक जनुक बिघडलेलं सापडलं. आईकडून आलेली प्रतही बिघडलेली आणि वडिलांकडून आलेलीही, तरच आजार होतो. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचं नाव फॅम-१३४-बी. ते नेमकं काय करतं, हे तेव्हा स्पष्ट नव्हतं.

सहा वर्षांनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या इव्हान डिकिच यांच्या गटाने ते दाखवलं. फॅम-१३४-बी हे प्रथिन जालिकेच्याच पटलात रोवलेलं असतं, आणि स्वभक्षणाच्या पिशवीला पकडायचा आकडा त्याच्या शेपटीला असतो. जालिकेचा कोणता तुकडा खायचा, हे पिशवीला त्या आकड्याने कळतं. त्याच वेळी जपानमध्ये हितोशी नाकातोगावा यांच्या गटाने किण्वात असेच दोन आकडे शोधले, एटीजी-३९ आणि एटीजी-४०. पहिला केंद्रकाभोवतीच्या जालिकेसाठी, दुसरा बाकीच्या जालिकेसाठी. वॉर्ड वाटून दिल्यासारखे.

हा आकडा काम कसा करतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. स्वभक्षणाची पिशवी आधी पिशवी नसतेच. ती एका खोलगट वाटीसारखी सुरू होते, दुहेरी पटलाची, आणि तिचे काठ वाढत जातात. या वाटीच्या आतल्या अंगावर एलसी-३ नावाच्या प्रथिनाचे खुंटे असतात, मेदाच्या एका रेणूला जोडून पटलात पक्के केलेले. फॅम-१३४-बीच्या शेपटीत अमिनो आम्लांचा एक ठरावीक छोटा क्रम आहे, तो एलसी-३ च्या खाचेत बसतो. ब्लाउजचा हूक काज्यात बसावा तसा. एक हूक सहज निघतो, पण ओळीने पाचपंचवीस लागले की काठ धरून ठेवतात. हूक लागत जातात तसे वाटीचे काठ जालिकेच्या तुकड्याभोवती वर चढतात, शेवटी तोंड मिटतं, आणि तुकडा आत बंद होतो. ही बंद पिशवी जाऊन लयकारिकेत मिसळते, आणि पुढचं काम आम्ल आणि विकरं करतात.

पण पिशवी असते लहान, आणि जालिका तर घरभर सलग पसरलेली. आधी तुकडा तोडावा लागणार. तेही काम बऱ्याच अंशी हेच प्रथिन करतं, आणि मला यातलं कौशल्य विलक्षण वाटतं. फॅम-१३४-बीचा मधला भाग केसांना लावायच्या दोन पिनांसारखा वळलेला असतो, आणि या पिना पटलाच्या फक्त बाहेरच्या थरात पाचरीसारख्या शिरतात. बाहेरचा थर पसरतो, आतला तेवढाच राहतो, मग पटलाला वाकावंच लागतं. एका पाचरीने काही होत नाही. अशी बरीच प्रथिनं एका जागी गोळा झाली, की तिथे फुगवटा येतो, तो वाढतो, मान बारीक होते आणि तुकडा सुटतो. २०२० मध्ये दिसलं की या प्रथिनाला फॉस्फेट लागलं की ते जास्त गोळा होतं. २०२३ मध्ये त्यात युबिक्विटिनचीही भर पडली. मघाशी खडा वेचताना जी चिठ्ठी लावत होते, तीच चिठ्ठी इथे फॅम-१३४-बीला लागते आणि त्याचे पुंजके आणखी घट्ट होतात.

२०१५ नंतर असे आकडे एकामागून एक सापडत गेले. सगळ्यांची नावं देऊन तुमचं डोकं उठवत नाही, पण तीन सांगायलाच हवेत. सेक-६२ हे प्रथिन एरवी नवी प्रथिनं जालिकेत शिरायला मदत करतं. पण जालिकेवरचा ताण ओसरला, की तेच आकडा होऊन फुगलेली जालिका मूळ मापावर आणतं. मांडव टाकणाऱ्यांनीच उतरवावा, तसं. स्वित्झर्लंडमधल्या मॉरिझिओ मोलिनारी यांच्या गटाने हे २०१६ मध्ये दाखवलं. दुसरा आकडा सीसीपीजी-१. स्वादुपिंडाच्या पेशी पाचक विकरं इतकी बनवतात, की जालिकेवर कायमच ताण असतो. ज्या उंदरांत सीसीपीजी-१ कमी आहे, त्यांच्या स्वादुपिंडात न विरघळणाऱ्या प्रथिनांचे ढीग साचलेले दिसले. तिसरा टेक्स-२६४, २०१९ मधला. त्याची शेपटी लांब आणि सैल असते. का, तर खडबडीत जालिकेवर रायबोझोमचे दाणे उभे असतात, त्यांच्या उंचीमुळे पिशवीचं पटल जवळ येऊ शकत नाही, आणि आखूड आकडा पोचणारच नाही. विहिरीची दोरी पाण्यापर्यंत पुरावी लागते, इतकं साधं गणित आहे हे.

पिशवी हा एकच रस्ता आहे असंही नाही. कधी लयकारिका स्वतःच खड्डा पाडून जालिकेचा कोंब थेट गिळते, कधी जालिकेपासून सुटलेला फुगा पिशवीशिवायच तिच्यात मिसळतो.

आता परत त्या बधिर पायाकडे. फॅम-१३४-बी जवळपास सगळ्याच शरीरात थोडंफार असताना नुकसान जाणिवेच्या चेतापेशींचंच का होतं? पूर्ण उत्तर हाती नाही, पण पटण्यासारखी दोन कारणं आहेत. पायाच्या अंगठ्याची जाणीव नेणारी चेतापेशी कण्याजवळ बसलेली असते आणि तिचा तंतू अंगठ्यापर्यंत जातो, मोठ्या माणसात जवळजवळ मीटरभर. त्या अख्ख्या लांबीत जालिका सलग पसरलेली असते. एवढ्या लांबीत फेरणी करणं सोपं नाही. दुसरं असं, की कातडीच्या पेशी सतत विभागतात, त्यांच्यातला साचलेला पसारा दोन लेकींत वाटला जाऊन निम्मा होतो. चेतापेशी विभागत नाही. तिचा पसारा तिलाच आयुष्यभर निस्तरावा लागतो. फॅम-१३४-बी नसलेले उंदीर सुरुवातीला धडधाकट दिसतात. वय वाढलं की त्यांच्या जाणिवेच्या चेतापेशींत जालिका फुगलेली सापडते आणि त्यांचा बधिरपणा मोजता येतो. जालिकेच्या नळ्या एकमेकींना जोडणाऱ्या अॅटलास्टिन-३ नावाच्या प्रथिनात दोष असला तरी माणसात असाच आजार होतो, आणि गंमत म्हणजे तेही ईआर-फॅजीचा आकडा निघालं.

दुसरं उदाहरण तर आपल्या घरातलंच. पावसाळा संपता संपता गावोगाव डेंग्यू येतो. डेंग्यूचा विषाणू आपल्या प्रती काढायला जागा निवडतो ती जालिकेचीच. तिच्या पटलात खोबण्या करून तो आपला कारखाना मांडतो. अर्थात पेशीने फेरणी काढली तर कारखान्यासकट तो तुकडा उचलला जाईल. म्हणून विषाणूने तोड काढली आहे. त्याच्याकडे स्वतःची प्रथिनं कापायची एक कात्री असते, तीच कात्री तो फॅम-१३४-बीवर चालवतो. झिका विषाणूही हेच करतो. २०१७ मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींत हे दिसलं, आणि फॅम-१३४-बी काढून टाकलेल्या पेशींत दोन्ही विषाणू जास्त वाढले. घरात घुसणाऱ्याने आधी छपरावरच्या माणसाची शिडी पळवावी, असं हे आहे. यावरून डेंग्यूचं औषध निघालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ताप आला तर डासांचा बंदोबस्त आणि दवाखाना, दोन्ही जुनेच.

तसंच उपवासाचं. पेशीला अन्न मिळालं नाही की स्वभक्षण वाढतं आणि त्यात जालिकेचेही तुकडे जातात, हे खरं आहे. पण मोबाईलवर फिरणारे जे निरोप सांगतात, की सोळा तास उपाशी राहा, पेशी आतून धुऊन निघतात आणि सगळे आजार जातात, त्यांनी उंदरांवरच्या आणि काचेच्या बशीतल्या पेशींवरच्या गोष्टी उचलून माणसाच्या ताटात वाढल्या आहेत. आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याची आमटी आणि वरून दोन केळी होतात. असल्या उपवासात पेशीला उपाशी आहोत असं वाटेल, ही आशाच सोडा. आणि ईआर-फॅजी जितकी जास्त तितकी चांगली, असंही नाही. प्रयोगात पेशींना फॅम-१३४-बी प्रमाणाबाहेर बनवायला लावलं, तर चांगली जालिकाही तुकडे होऊन लयकारिकेत जाते. टिचकी न मारता सगळीच कवेलू खाली टाकणारा माणूस आबाजींनी दुपारपर्यंतही ठेवला नसता.

हे सगळं मी गेल्या सत्रात आठवीच्या वर्गात सांगितलं, तक्ता बाजूला ठेवून, फळ्यावर काढत काढत. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिच्या घराची फेरणी त्याच आठवड्यात झाली होती, तिने हात वर केला.

"सर, पण ते कोनतं काढाचं हे सांगते कोन? आकड्याले कसं समजते?"

प्रश्न बरोबर होता आणि यावरच आज जगभर काम चालू आहे. मी तिला जेवढं पक्कं आहे तेवढं सांगितलं. चुकीच्या घड्या साचल्या की जालिकेच्या आतली काही प्रथिनं त्यांना धरतात आणि तिथेच पटलातल्या आकड्यांशी जुळतात. आकडे गोळा होतात, पटल वाकतं, वाकलेल्या जागी आणखी आकडे येतात, आणि तुकडा सुटतो. वरून हुकूम देणारा मुकादम त्यात कुणी नसतो.

"कोनीच नाही?"

"कोणीच नाही."

ती खाली बसता बसता म्हणाली, "मंग आमच्या आबाजीले सांगा नं सर. ते तं दिवसभर खालून वरडत रायते."